अकुशल ऑपरेटर

दिवाळी अंकासाठी नोकरीवर लिही, असं कॉलेजातल्या आमच्या विभागातल्या सरांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. अशा अंकांत लिहिणारे बहुतेक जण तीस-पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले असतात. माझ्या नोकरीचं आत्ता कुठं तिसरं वर्ष चालू आहे. शिवाय मी काही विशेष करत नाही. शहराच्या पिण्याच्या पाण्यात तुरटी टाकतो. सर म्हणाले, "लोक रोज पाणी पितात, पण ते कोण साफ करतं हे त्यांना ठाऊक नसतं. तेवढं लिहिलंस तरी पुरे." म्हणून लिहितो आहे. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी जलशुद्धीकरण केंद्रात काम करतो असं सांगितलं की लोक दोन प्रश्न विचारतात. शहरातले विचारतात, "पाणी कधी येणार?" आणि गावाकडचे विचारतात, "पगार किती?" पहिल्याचं उत्तर माझ्या हातात नाही. दुसऱ्याचं उत्तर मी पहिलं वर्षभर खोटं देत होतो. नोकरी लागताना तोंडी जो आकडा सांगितला गेला, तोच मी पिशोरला, म्हणजे आमच्या गावी, सांगून टाकला होता. तो परत घ्यायची लाज वाटत होती.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. अण्णा, म्हणजे माझे वडील, दोन एकरांत अद्रक आणि मका घेतात. खाण्यापिण्याला घरी कमी नव्हतं, पण मुलाला शहरात ठेवायचं तर दर महिन्याला रोख लागते. अण्णांनी सरळ सांगितलं होतं, "पहिल्या वर्षाचं मी भरतो. पुढचं तुझं तू बघ. नाय जमलं तर वापस ये, वावर कुठं पळून जात नाय." ते रागानं बोलले नव्हते, तरी मला ते वाक्य रोज आठवायचं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आलो तेव्हा औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात चिठ्ठी चिकटवलेली दिसली. पाणी शुद्धीकरणासाठी ऑपरेटर पाहिजेत, बारावी सायन्स पास. केंद्र चालवण्याचं काही काम एका कंत्राटदाराकडं होतं, त्यानं ती लावली होती. माझं कॉलेज सकाळी साडेसात ते साडेअकरा, आणि दुपारची पाळी दोन ते दहा. जमण्यासारखं होतं. त्याच आठवड्यात मी रुजू झालो.

आता काम काय असतं ते सांगतो. धरणातून पंपानं आलेलं पाणी आमच्याकडं आधी पायऱ्यांवरून खाली पडतं, त्यानं त्यात हवा मिसळते. मग त्यात तुरटीचं पाणी सोडायचं. तुरटीनं बारीक माती एकमेकीला चिकटते, तिचे कापसासारखे पुंजके होतात आणि मोठ्या गोल टाकीत ते तळाला बसतात. वरचं निवळलेलं पाणी वाळूच्या फिल्टरमधून जातं, शेवटी क्लोरीन देतात, आणि मग ते शहराकडं निघतं. सगळी गोम तुरटी किती घालायची यात आहे. कमी पडली तर माती बसत नाही, जास्त झाली तर पाणी तुरट लागतं आणि तुरटीही वाया जाते. त्यासाठी जार टेस्ट असते. काचेच्या सहा भांड्यांत तेच पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटी थोडी थोडी वाढवत जायची, यंत्रानं ढवळायचं आणि थांबायचं. ज्या भांड्यातलं पाणी सगळ्यात चांगलं निवळेल, तो डोस.

हे मला मोईनचाचांनी शिकवलं. ते आमच्यातले एकटेच कायम नोकरीतले ऑपरेटर, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. गढूळपणा मोजायचं मशीन होतं, पण चाचांचा त्याच्यावर फारसा विश्वास नव्हता. ते काचेच्या भांड्यामागं आपलं उर्दू वर्तमानपत्र धरत आणि पाण्यातून वाचून बघत. फक्त मोठा मथळा वाचता आला तर पाणी कच्चं. बारीक अक्षरातली जाहिरात वाचता आली तर पास.

मी म्हणालो, "चाचा, मला उर्दू येत नाही. मी काय करू?"

"तो तू मराठी पेपर ला," ते म्हणाले. "पानी को जबान का क्या लेना-देना."

त्यांनी आणखी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात बजावली होती. रजिस्टरमध्ये दर तासाचे आकडे आणि शेवटच्या रकान्यात शेरा लिहायचा असतो. काही बिघडलं की त्या रकान्यात सगळे एकच वाक्य लिहीत, "लाइट गेली होती." फिल्टर तुंबला, लाइट गेली होती. कोणाला झोप लागली, लाइट गेली होती. चाचा म्हणत, "साब लोगां के वास्ते कुछ बी लिख. मगर अगली पाळीवाला वो पढ के काम करता. उसकू सच मालूम होना." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. तेव्हा मी सगळंच वहीत लिहून घ्यायचो. त्यावरून मला तिथं "कॉलेज" असं नाव पडलं.

पहिला पगार बँकेत जमा झाला तेव्हा मला वाटलं, अर्ध्या महिन्याचा असेल. नऊ हजार शंभर. सुपरवायझर गायके यांनी रुजू होताना "बारा-साडेबारा पडतील" असं सांगितलं होतं. गायके कंत्राटदाराचे माणूस, हजेरी तेच घेत. मी पगाराची चिठ्ठी मागितली. त्यात माझ्या नावापुढं लिहिलं होतं: पद हेल्पर, वर्ग अकुशल.

"गायके साहेब, मी ऑपरेटर आहे ना?"

"हाईसच की. काम ऑपरेटरचं, कागद हेल्परचा. सगळ्यांचं तसंच हाय इथं. तुला काय कागदावर बसून जायचंय का कुठं?"

मला पैशांपेक्षा तो शब्द जास्त लागला, असं म्हणालो तर खोटं होईल. दोन्ही सारखंच लागलं. बारावीला मला रसायनशास्त्रात चांगले मार्क होते. पाचशे वेळा जार टेस्ट केली तरी मी अकुशलच राहणार होतो.

नऊ हजारांत शहरात कसं राहतात ते लिहितो, कारण त्याबद्दल कोणी बोलत नाही. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत कुलकर्णी काकूंच्या घरी वरची खोली होती, दोघांत मिळून. माझ्या वाट्याला अठराशे. डबा मी एकच वेळचा लावला होता, पंधराशेचा. त्यातल्या दोन पोळ्या कामावर जाण्याआधी खायच्या, दोन रात्रीसाठी ठेवायच्या. पैठण रोडला केंद्रावर जाण्यायेण्याच्या गाडीला बाराशे. फी, परीक्षेचे फॉर्म, प्रॅक्टिकलच्या वह्या यांसाठी दर महिन्याला अडीच हजार बाजूला काढले नाहीत तर पुढच्या वर्षाचा प्रवेश होणार नव्हता. उरलेल्या दोन हजारांत साबण, फोन, आजारपण, गावी जाणं आणि पाणी. हो, पाणीसुद्धा. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं प्यायला जार विकत घ्यावा लागे. अख्ख्या शहराचं पाणी निवळणारा मी तीस रुपयांचा जार खांद्यावरून जिन्यानं वर नेत असे. पुढं मी कामावरून पाच लिटरचा कॅन भरून आणायला लागलो, तेव्हा गाडीतले हसायचे.

काकूंची मात्र ठाम समजूत होती की पाणी मीच सोडतो. खाली दिसलो की त्या विचारत, "काय रे, आमच्या गल्लीवर राग आहे का तुझा?"

"काकू, मी फक्त साफ करतो. सोडणारे वेगळे असतात."

"मग त्यांना सांग. ओळख असेलच ना."

माझ्या आधीची, सकाळची पाळी विष्णूभाऊंची असे. विष्णूभाऊ फुलंब्रीचे, वय चाळिशीच्या आसपास, घरी दोन मुली. तेही माझ्यासारखेच कागदावर हेल्पर आणि कामाला ऑपरेटर, पण सात वर्षांपासून. फुलंब्रीहून शहरापर्यंत ते पहाटे दूधवाल्याच्या गाडीत येत आणि भाड्याऐवजी त्याचे कॅन उतरवून देत. फिल्टर धुताना पाण्याचा आवाज ऐकून ते सांगत की वाळू अजून मोकळी झालेली नाही. मी घड्याळ बघत राहायचो आणि त्यांचंच बरोबर निघायचं. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. लिहायला येत होतं, पण वेळ लागे आणि रजिस्टरच्या बारीक रकान्यांत आकडे मावत नसत. म्हणून ते दर तासाचे आकडे पेनानं डाव्या तळहातावर लिहून ठेवत. मी दीडला पोचलो की हात पुढं करत.

"कॉलेज, उतरून घे बाबा. तुझं अक्षर मोत्यावानी हाय. साहेब बघतो तवा बरं दिसतं."

मी त्यांच्या हातावरून रजिस्टरमध्ये उतरवून घेत असे. शेवटी सही.

"सही बी तूच मार."

त्यांची सही मी करणं म्हणजे खोटेपणा, असं मला वाटलं. म्हणून मी सकाळच्या पानावरही माझीच सही करायचो. लिहिलं मी आहे तर सही माझीच हवी, असा माझा साधा विचार होता. आपण फार प्रामाणिकपणे वागतो आहोत असंही मनात होतं.

पुढच्या वर्षी जुलैत, तिसऱ्या वर्षाचा प्रवेश तोंडावर आलेला असताना, माझ्या हातून मोठी चूक झाली. वरच्या भागात पाऊस होऊन धरणात मातकट पाणी आलं होतं. दुपारी जार टेस्ट करून मी डोस वाढवून ठेवला होता. मोईनचाचा त्या दिवशी गुडघ्याच्या इलाजासाठी रजेवर होते. चार वाजून दहा मिनिटांनी पंपघरातून फोन आला.

"दुसरा लावला रे."

"बरं," असं म्हणून मी फोन ठेवला.

आमच्याकडं पंपांना आलटूनपालटून विश्रांती देतात. पहिला बंद करून दुसरा सुरू केला की हेच वाक्य येतं. मी तसंच समजलो. त्या दिवशी मात्र पहिला चालूच होता आणि त्याच्या जोडीला दुसरा लावला होता. पाणी दुपटीनं येऊ लागलं आणि तुरटी मी आधीइतकीच सोडत राहिलो. पाच वाजता गोल टाकीवर गेलो तर पुंजके तळाला न बसता पाण्याबरोबर वरून वाहत फिल्टरकडं चालले होते. एक मिनिट मी नुसता उभा होतो. मग पळत जाऊन शहराकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद केला, पंपघराला एक पंप थांबवायला सांगितलं आणि साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे केंद्राचे इंजिनिअर. गढूळ पाणी पुढं गेलं नाही, एवढं सुदैव. पण चार फिल्टर तुंबले होते. ते धुवून पाणी पुन्हा सुरू व्हायला पाच तास गेले, आणि त्या दिवशी ज्या गल्ल्यांची पाळी होती त्यांची पाळी चुकली. त्यांत आमचीही गल्ली होती.

गायके आठच्या सुमारास आले. रजिस्टर उघडून त्यांनी शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "लिही, लाइट गेली होती. तू बी सुटला, मी बी सुटलो."

मी पेन हातात घेतलं. खरं सांगायचं तर मला तसंच लिहायचं होतं. पण रात्रपाळीचा माणूस ते वाचणार होता. लाइट गेली होती असं वाचून त्यानं फिल्टर नेहमीसारखे समजले असते आणि सकाळपर्यंत पुन्हा तुंबवले असते. म्हणून मी लिहिलं: "४.१० ला दोन्ही पंप सुरू. डोस एकाचाच ठेवला. चूक माझी. फिल्टर १ ते ४ मध्ये माती आहे, पहाटे पुन्हा धुवावेत." खाली सही केली, ऑपरेटर असं लिहून.

गायके वाचत उभे होते. "शिकलेल्या माणसाचं हेच वांधं हाय," ते म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू जिन्यातच भेटल्या. "काल पाणी आलंच नाही. दोन हंडे शेजारून आणले मी. काय झालं होतं तिकडं?"

"काकू, माझ्यामुळं झालं," असं म्हणून मी सगळं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस सोडणारे वेगळे होते, आणि अडवणारा तू?" त्या म्हणाल्या. मग आत गेल्या आणि पोह्यांची बशी घेऊन आल्या. "खा. तोंड बघ कसं झालंय."

चौथ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. कंत्राटदाराकडून एक कागद आला होता. हेल्परपदावरील कामगाराच्या निष्काळजीपणामुळं पुरवठा खंडित झाला, सबब त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे व या महिन्याचा पगार रोखण्यात येत आहे. प्रवेशाची शेवटची तारीख आठ दिवसांवर होती आणि फीचा शेवटचा हप्ता त्याच पगारातून जाणार होता. नोकरी गेली तर कॉलेज गेलं, मग पिशोरची बस. मी भिंतीपाशी उभा होतो. अण्णांना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो.

गायके होते, मोईनचाचाही आले होते. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला आणि टेबलावर ठेवला.

"साब, ये कागद गलत है."

"काय चुकीचं आहे त्यात?" साहेबांनी विचारलं. "चूक झालीच ना?"

"गलती तो हुई. मगर हेल्पर ये गलती करइच नै सकता. हेल्पर का काम क्या? तुरटी की बोरी उठाना, झाडू मारना. डोस के व्हॉल्व्ह को उसने हात बी नै लगाना. ये पूरी ऑपरेटर की गलती है साब. हम बी जवानी में किए ऐसी."

साहेब हसले नाहीत, पण त्यांनी गायकेंकडं पाहिलं. "गायके, त्या दिवशी दुपारच्या पाळीला ऑपरेटर कोण होता?"

गायके म्हणाले, "हाच होता की साहेब."

"कागदावर तर हा हेल्पर आहे. मग ऑपरेटर कोणीच नव्हता? केंद्र सोडून दिलं होतं तुम्ही?"

गायके दोन्हीकडून अडकले. होता म्हटलं तर ऑपरेटरचा पगार द्यावा लागणार, नव्हता म्हटलं तर ठेका जाणार. साहेबांनी रजिस्टर मागवलं आणि पानं उलटायला सुरुवात केली. गेल्या ऑगस्टपासून, म्हणजे मी रुजू झाल्यापासून, दिवसाची सगळी पानं माझ्या अक्षरात. "सकाळची यांचीच, दुपारची यांचीच," ते म्हणाले. "इतकं काम करणारा माणूस अकुशल? पुढच्या महिन्यापासून याची नोंद कुशल कामगार म्हणून करा. पगारही रोखू नका. चुकीबद्दल लेखी समज मी देतो."

बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. चाचा म्हणाले, "अब रो मत. चाय पी." मी रडत नव्हतो, पण ते म्हणाल्यावर रडू आलं.

इथंच हे संपलं असतं तर बरं झालं असतं, असं मला दोन दिवस वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दीड वाजता विष्णूभाऊंनी नेहमीसारखा हात पुढं केला, पण बघत दुसरीकडंच होते. मी कारण विचारलं.

"काय नाय. मी बी गेलो होतो गायकेकडं. म्हनलं, त्याचं झालं तर माझं बी करा, मी सात वर्सांचा हाय. तर त्यानं रजिस्टर दावलं. म्हनला, तुझी एक सही दाव यात." त्यांनी पेन खिशाला लावलं. "नाय सापडली. जाऊ दे. तुझं तरी झालं, बरं झालं."

ते मनापासून म्हणाले होते, म्हणून जास्त वाईट वाटलं. साहेबांनी उलटलेल्या पानांतली निम्मी पानं यांच्या हातावरून आलेली होती. त्यांच्या कामाच्या जोरावर मी कुशल झालो होतो. तेही माझ्या प्रामाणिकपणामुळं.

साहेबांना सांगायचं तर सकाळच्या पाळीच्या सगळ्या सह्या मी उगाच केल्या, हे कबूल करावं लागणार होतं. जी व्यक्ती त्या वेळी कॉलेजात बसलेली असते तिनं केंद्राच्या रजिस्टरवर सही केलेली, ही साधी गोष्ट नव्हती. तीनच दिवसांपूर्वी वाचलेली नोकरी यात जाऊ शकत होती आणि प्रवेशाला पाच दिवस राहिले होते. प्रवेश झाल्यावर सांगू, असंही मनात येऊन गेलं. मी दुपारभर तेच घोकत होतो. शेवटी सहा वाजता साहेब निघताना मी त्यांच्या गाडीजवळ गेलो. नंतर धीर झाला नसता, इतकंच त्याचं कारण.

सगळं ऐकून साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे वर्षभराचं रजिस्टर खोटं?"

"आकडे खरे आहेत साहेब. विष्णूभाऊंचे आहेत. सही खोटी आहे."

"मला कसं कळणार आकडे त्यांचे आहेत?"

मी म्हणालो, "त्यांना करून दाखवायला सांगा."

साहेब गाडीत बसले. काच खाली करून म्हणाले, "उद्या अकराला येतो. तुम्हीही या."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज बुडवलं. विष्णूभाऊंना रात्रीच फोन करून सांगितलं होतं. ते मला बघून म्हणाले, "कशाला उकरून काढलं रे? आता दोघं बी जाऊ." हातातलं काम मात्र थांबवलं नाही. साहेब आले, गायके आले. मोईनचाचा मुद्दाम लांब स्टुलावर बसले.

विष्णूभाऊंनी सहा भांडी ओळीनं मांडली. तुरटी मोजून घातली, यंत्र लावलं. ते वीस मिनिटं फिरत होतं. गायकेंचा फोन वाजला तर साहेबांनी त्यांना बाहेर जायला सांगितलं. ढवळणं थांबलं आणि पुंजके खाली बसू लागले. विष्णूभाऊ वाकून बघत होते. साहेबांनी मशीनवर मोजायला माझ्याकडं पाहिलं, तेवढ्यात विष्णूभाऊ म्हणाले, "चवथं. पाचवं बी निवळलंय, पन तेवढी तुरटी नको. उगं वाया." मी मशीनवर मोजलं. चौथं बरोबर होतं. पाचव्याचा गढूळपणाचा आकडा किंचित कमी होता, पण इतका किंचित की त्यासाठी जास्त तुरटी घालायची गरज नव्हती.

"लिहा," साहेब म्हणाले.

विष्णूभाऊंनी सवयीनं तळहातावर लिहायला पेन टेकवलं.

"तिथं नाही. रजिस्टरमध्ये."

आत येऊन उभे राहिलेले गायके म्हणाले, "साहेब, त्याला लई वेळ लागंल. हे पोरगं लिहील."

"लागू द्या," साहेब म्हणाले.

विष्णूभाऊ खाली बसले. वेळ आणि आकडा लिहिला. चारचा आकडा रकान्याबाहेर गेला. मग सही करायची म्हणून त्यांनी पूर्ण नाव लिहिलं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. ते दोन ओळींत मावलं. साहेबांनी त्याच्यापुढं आपली छोटी सही केली आणि गायकेंना म्हणाले, "यांचीही नोंद बदला." मला म्हणाले, "तुम्हाला आणखी एक लेखी समज मिळेल. दुसऱ्याच्या पानावर पुन्हा सही दिसली तर तिसरी मिळणार नाही, घरी जाल." मी हो म्हणालो. नोकरी राहिली होती. त्या क्षणी मला आणखी चार समजपत्रं चालली असती.

तिसऱ्या वर्षाची फी मी शेवटच्या दिवशी दुपारी एकला भरली आणि तिथूनच कामावर गेलो. आधीच्या वर्षभराचा फरक मला मिळाला नाही. विष्णूभाऊंचा तर सात वर्षांचा गेला. तो कोणी देणार नाही, आणि त्याबद्दल आम्ही आता बोलत नाही. पण त्या जुलैपर्यंतच्या पगारात आणि नंतरच्यात सव्वातीन हजारांचा फरक पडला. सव्वातीन हजार म्हणजे रात्रीचा डबा, विष्णूभाऊंच्या थोरलीची शिकवणी आणि महिन्यातून एकदा निश्चिंतपणे आजारी पडता येणं. ज्यांना सव्वातीन हजार किरकोळ वाटतात त्यांना हे पटवून देता येईल असं मला वाटत नाही.

ऑगस्टच्या पगाराच्या चिठ्ठ्या गायकेंनी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, पाळी बदलताना वाटल्या. विष्णूभाऊ चिठ्ठी घेऊन उजेडाला गेले आणि वाचायला लागले. मी मदतीला गेलो नाही. त्यांना वेळ लागला.

"कु... शल," ते म्हणाले. "कुशल म्हंजी ते कागदात लिहायचे तेच का रे? आमचा थोरला भाऊ मिल्ट्रीतून लिहायचा. इकडं सर्व कुशल हाय म्हनून."

"शब्द तोच आहे," मी म्हणालो.

त्यांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली, फोन काढला आणि घरी लावला. पलीकडून बहुतेक बायकोनं पगाराचं विचारलं असावं. विष्णूभाऊ म्हणाले, "व्हय, आला. अगं सगळं कुशल हाय म्हनून लिवलंय."